कीटक वास कसा घेतात? शृंगिकेतल्या प्रथिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाशीत किंवा वांग्यात कामगंध सापळे (मादी पतंग नराला बोलवायला जो गंध सोडते, तो वापरणारे सापळे) आणि आंब्याच्या बागेत फळमाशीचे सापळे लावणारे शेतकरी आणि जीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी, दोघांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत, कारण दोघांचे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. सापळ्यात पतंग येतो की नाही, हे त्याच्या शृंगिकेतली मोजकी प्रथिनं ठरवतात. त्यांचं काम समजलं की सापळ्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही समजतं.

कीटकाला नाक नसतं. मग त्याला वास येतो कुठून?

मुख्यतः शृंगिकांमधून, म्हणजे ज्यांना आपण मिशा म्हणतो त्यांच्यातून. अनेक कीटकांत तोंडाजवळच्या छोट्या उपांगांनाही वास कळतो. शृंगिकेवर हजारो सूक्ष्म केस असतात आणि वास घेणाऱ्या केसांच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. केसाच्या आत द्रव असतो आणि त्या द्रवात मज्जापेशींची टोकं बुडालेली असतात. हवेतला गंधाचा रेणू छिद्रातून आत शिरतो, द्रव ओलांडतो आणि मज्जापेशीला भिडतो.

अडचण अशी की बहुतेक गंधरेणू तेलकट असतात आणि आतला द्रव पाणीदार. तेलकट रेणूला हे अंतर सहज पार करता येत नाही. पुढची बरीचशी गोष्ट या अडचणीतूनच सुरू होते.

यात कोणती प्रथिनं असतात आणि प्रत्येकाचं काम काय?

ढोबळमानाने तीन कामं आहेत. रेणू वाहून नेणं, तो ओळखणं आणि काम झालं की तो नाहीसा करणं.

वाहून नेणारी प्रथिनं छोटी असतात आणि केसातल्या द्रवात मोकळी फिरतात. त्यांची दोन मोठी कुटुंबं आहेत. पहिलं गंधबंधक प्रथिनांचं, ज्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ओबीपी म्हणतात. त्यांच्या साखळीत ठरावीक जागी सिस्टीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू असतात आणि त्यांच्यामुळे तीन गंधकाचे बंध तयार होऊन प्रथिनाचा आकार पक्का राहतो. दुसरं कुटुंब रसायन-संवेदी प्रथिनांचं, म्हणजे सीएसपी. ती आणखी लहान असतात आणि त्यांच्यात चार सिस्टीन व दोन बंध असतात. दोन्ही प्रकारांत मधोमध एक पोकळी असते. तेलकट रेणू त्या पोकळीत बसतो आणि पाण्यापासून वेगळा राहतो.

ओळखणारी प्रथिनं मज्जापेशीच्या पटलात रुतलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. त्यांत गंधग्राही म्हणजे ओआर, चवग्राही म्हणजे जीआर आणि आयनोट्रॉपिक ग्राही म्हणजे आयआर असे तीन गट आहेत. आयआर मुख्यतः आम्लं आणि अमाइनं ओळखतात. काही आयआर हवेतला ओलावा आणि तापमान ओळखण्यातही भाग घेतात. मज्जापेशीच्या पटलात एसएनएमपी नावाचं आणखी एक प्रथिन असतं. ते ग्राहीला कामगंधाचा रेणू पकडायला मदत करतं.

तिसऱ्या कामाकडे लोकांचं लक्ष सहसा जात नाही, पण ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. वास घेतल्यावर रेणू तिथेच राहिला तर पतंगाला पुढचा झोत कळणारच नाही. म्हणून केसातल्या द्रवात रेणू तोडणारी विकरं असतात. पॉलिफेमस नावाच्या अमेरिकी रेशीम पतंगात अशा एका विकरामुळे कामगंधाचा अर्धा भाग सुमारे १५ मिलिसेकंदांत नष्ट होत असावा, असा अंदाज १९८५ मध्ये मांडला गेला. उडता उडता पतंग वाऱ्यातल्या गंधाचे तुटक झोत मोजत जातो. इतकी वेगवान सफाई नसती तर त्याला ते जमलं नसतं.

हे सगळं पहिल्यांदा कसं कळलं?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ बुटेनान्ट यांच्या गटाने रेशीम पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथींमधून काही मिलिग्रॅम पदार्थ वेगळा केला आणि १९५९ मध्ये त्याची रचना जाहीर केली. तो बॉम्बिकॉल, रचना उलगडलेला पहिला कीटक-कामगंध. ‘फेरोमोन’ ही संज्ञाही त्याच वर्षी कार्लसन आणि ल्यूशर यांनी सुचवली. १९८१ मध्ये रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांना पॉलिफेमस पतंगाच्या शृंगिकेत कामगंधाला बांधून घेणारं प्रथिन सापडलं. तिथून गंधबंधक प्रथिनांचा अभ्यास सुरू झाला.

ग्राही मात्र बराच काळ हाती लागले नाहीत. सस्तन प्राण्यांचे गंधग्राही १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी शोधले. त्यांच्याशी साम्य असलेली जनुकं कीटकांत शोधायचे प्रयत्न फसत गेले, कारण तसं साम्य मुळात नव्हतंच. ड्रॉसोफिलाचं, म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाचं जनुकीय अनुक्रमण पुढे सरकलं तेव्हा, १९९९ मध्ये, वेगवेगळ्या गटांनी त्याचे गंधग्राही ओळखले.

या गोष्टीत मुंबईचाही वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात ओबेद सिद्दीकी यांनी चिलटांच्या वास आणि चवीचं जनुकशास्त्र सुरू केलं. काही वासांना प्रतिसादच न देणारी उत्परिवर्ती चिलटं निवडून काढायची आणि त्यांच्यात कोणता जनुकीय दोष आहे ते शोधायचं, अशी त्यांची पद्धत होती. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे संशोधनाला आल्या. दोघांचा या विषयावरचा निबंध १९७८ मध्ये भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, म्हणजे गंधग्राहींची जनुकं हाती येण्याच्या तब्बल दोन दशकं आधी.

आपल्या नाकातले ग्राही आणि कीटकांचे ग्राही सारखेच असतात का?

नाही. आपले ग्राही रेणू पकडल्यावर पेशीच्या आत निरोप पाठवतात आणि मग अनेक पायऱ्यांनी विद्युत संकेत तयार होतो. कीटकांचा गंधग्राही स्वतःच आयन-मार्ग असतो. रेणू बसला की मार्ग उघडतो, विद्युतभारित कण आत जातात आणि संकेत तयार होतो. हे २००८ मध्ये दोन गटांनी दाखवलं. त्याआधी २००६ मध्ये लक्षात आलं होतं की पेशीच्या पटलात हे प्रथिन आपल्या ग्राहींच्या तुलनेत उलटं बसलेलं असतं.

बहुतेक कीटकांत गंधग्राही एकट्याने काम करत नाही. त्याला ऑर्को नावाचा सोबती लागतो. ऑर्को जवळजवळ सगळ्या कीटकांत सारखाच असतो आणि कोणता वास ओळखायचा हे त्याच्या जोडीला असलेला ग्राही ठरवतो. चिलटात असे सुमारे ६० ग्राही आहेत, मधमाशीत सुमारे १७० आणि काही मुंग्यांमध्ये साडेतीनशेच्याही वर. मधमाशीचे चवग्राही मात्र दहाच्या आसपास. पोळ्यातला बराचसा व्यवहार वासावर चालतो, हे या आकड्यांतून दिसतं.

एका ल्यूरला एकाच जातीचे पतंग का येतात?

ल्यूर म्हणजे सापळ्यात ठेवायची गंधाची वडी किंवा गोळी. तिच्यातल्या मिश्रणाचे घटक आणि त्यांचं प्रमाण, दोन्ही जुळावं लागतं. गुलाबी बोंडअळीचा कामगंध, गॉसिप्ल्यूर, १९७३ मध्ये ओळखला गेला. त्यात एकाच संयुगाची दोन रूपं जवळजवळ समप्रमाणात असतात. दोन्हींतला फरक एका दुहेरी बंधाच्या दिशेपुरता आहे. अमेरिकन बोंडअळीच्या म्हणजे हेलिकोव्हर्पाच्या मिश्रणात दोन अल्डिहाइडं असतात, एक सुमारे ९७ टक्के आणि दुसरं सुमारे ३. नराच्या शृंगिकेत प्रत्येक घटकासाठी वेगळे ग्राही वेगळ्या मज्जापेशींत असतात. हेलिकोव्हर्पात मुख्य घटक ओळखणारा ओआर-१३ हा त्यांतला चांगला अभ्यासलेला ग्राही. मेंदू या पेशींच्या प्रतिसादाचं गुणोत्तर पाहतो. काही पेशी तर शेजारच्या जातीच्या कामगंधाला प्रतिसाद देतात आणि त्या जाग्या झाल्या की नर मागे फिरतो.

म्हणून स्वस्तातलं, घटकांचं प्रमाण चुकलेलं ल्यूर घेण्यात काही अर्थ नाही. सापळा रिकामा राहतो आणि शेतात कीड नाही असा चुकीचा समज होतो. मला हा धोका सापळा न लावण्यापेक्षाही मोठा वाटतो.

सापळ्यात माद्या का सापडत नाहीत?

पतंगांमध्ये साधारणपणे मादी गंध सोडते आणि नर शोधत येतो. हा गंध ओळखणारे ग्राही नराच्या शृंगिकेत भरपूर असतात, मादीच्या शृंगिकेत नसतात किंवा फारच थोडे असतात.

मग सापळे लावले की फवारणीची गरज उरत नाही?

हेक्टरी पाच सापळे हे कीड मोजण्यासाठी असतात, कीड संपवण्यासाठी नसतात. हा फरक स्पष्टपणे सांगितला जात नाही आणि मग सापळ्यांवर राग निघतो. एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो. त्यामुळे सापळ्याने निम्मे नर पकडले तरी उरलेले नर बहुतेक माद्यांना पुरतात. गुलाबी बोंडअळीसाठी मर्यादा साधारण अशी आखलेली आहे: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायची वेळ झाली. सोबत डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं) पाहाव्यात आणि हिरवी बोंडं फोडून तपासावीत.

२०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीतल्या दोन्ही विषारी प्रथिनांना दाद दिली नाही आणि मोठं नुकसान झालं. अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. पतंग उडायला लागल्याचं सापळ्यातून वेळेवर कळलं तरच काही करता येतं. फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेली कपाशी) घेतली असेल तर सापळ्यांवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण किडीला वर्षभर खाणं आपणच पुरवत असतो.

कामगंध कीड कमी करायला वापरायचा असेल तर पद्धत वेगळी असते. शेतभर गॉसिप्ल्यूरच्या दोऱ्या किंवा लेप लावून हवेत इतका गंध पसरवतात की नराला मादी सापडत नाही. त्यामागेही ग्राहीच आहेत. सतत मिळणाऱ्या गंधामुळे त्यांचा प्रतिसाद मंदावतो आणि त्यातून खऱ्या मादीचा झोत वेगळा काढता येत नाही. ही पद्धत एकट्याच्या दोन एकरांत फारशी चालत नाही, कारण मीलन झालेल्या माद्या शेजारच्या शेतातून येऊन अंडी घालतात. गावाने मिळून, सलग क्षेत्रावर केली तरच तिचा उपयोग होतो. अमेरिकेत वांझ केलेले पतंग सोडणं, बीटी कपाशी आणि कामगंध हे सगळं एकत्र, अनेक वर्षं वापरून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं गेलं.

आंब्याच्या फळमाशीच्या सापळ्यातही कामगंधच असतो का?

नाही, तिथे मिथाइल युजेनॉल असतं. हा मादीचा गंध नव्हे. तो अनेक वनस्पतींत आढळतो, आपल्या तुळशीतही. नर माशी तो आवडीने खाते आणि शरीरात बदलून मादीला आकर्षित करायला वापरते. त्यामुळे ओढ जबरदस्त असते. या आकर्षणाची नोंद भारतातच झाली. बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या एफ. एम. हाउलेट यांनी १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे नर फळमाश्या येतात असं लिहिलं आणि पुढे त्यामागे मिथाइल युजेनॉल असल्याचं दाखवलं. आंब्याच्या फळमाशीत तो ओळखणारा मुख्य ग्राही ओआर-८८ए आहे.

काकडी, कारली, दोडका यांवरची फळमाशी वेगळ्या जातीची असते आणि तिला मिथाइल युजेनॉल चालत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूर घ्यावं. आंब्याचं ल्यूर काकडीच्या मांडवात टांगून सापळा काम करत नाही अशी तक्रार होते. तिथे दोष सापळ्याचा नसतो.

गंधबंधक प्रथिन फक्त रेणू वाहून नेतं की आणखी काही करतं?

यावर अजून एकमत नाही आणि म्हणूनच हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो.

रेशीम पतंगात चित्र बरंच स्पष्ट आहे. तिथलं कामगंध-बंधक प्रथिन द्रवात बॉम्बिकॉल घट्ट धरून ठेवतं. मज्जापेशीच्या पटलाजवळ आम्लता वाढते. तिथे प्रथिनाचं एक टोक वळून पोकळीत शिरतं आणि बॉम्बिकॉल बाहेर ढकललं जातं, अगदी जिथे त्याची गरज असते तिथेच. चिलटात लश नावाचं गंधबंधक प्रथिन नसेल तर नराने सोडलेल्या एका कामगंधाला मज्जापेशी जवळजवळ प्रतिसाद देत नाही, हे २००५ मध्ये दिसलं.

मग २०१६ मध्ये उलट बाजू पुढे आली. चिलटाच्या काही केसांत एकच गंधबंधक प्रथिन भरपूर असतं. ते जनुकच काढून टाकलं तरी तिथल्या मज्जापेशी वासांना चांगला प्रतिसाद देत राहिल्या. म्हणजे निदान काही केसांत या प्रथिनांशिवायही वास पोचतो. कदाचित ती गंधाची पातळी एकदम वाढली तर तिला आवर घालत असतील, कदाचित नको ते रेणू धरून ठेवत असतील. सगळ्या गंधबंधक प्रथिनांना एकच काम लावणं चुकीचं ठरेल असं माझं मत आहे. एकाच आकाराचं प्रथिन उत्क्रांतीने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कामाला लावलेलं दिसतं.

आणि सीएसपी? त्यांचा वासाशी कितपत संबंध आहे?

काहींचा आहे. वाळवंटी टोळाच्या संवेदी अवयवांत ती मुबलक सापडली आणि १९९९ मध्ये त्यांना आजचं नाव मिळालं. जपानी सुतार मुंगीच्या शृंगिकेत एक सीएसपी दुसऱ्या मुंगीच्या त्वचेवरची मेणचट संयुगं उचलून ग्राहींपर्यंत आणतं. ही मुंगी आपल्या वारुळातली की परकी, हे त्या संयुगांवरून ठरतं.

पण या कुटुंबातलं एक प्रथिन त्याआधीच झुरळाच्या तुटून पुन्हा वाढणाऱ्या पायात सापडलं होतं. मधमाशीत एक सीएसपी बंद केलं तर अंड्यातल्या गर्भाचं आवरण नीट तयार होत नाही. तेलकट रेणू धरू शकणारी छोटी पोकळी शरीराच्या अनेक भागांत उपयोगी पडते.

याचं सर्वांत गंभीर उदाहरण आफ्रिकेतल्या हिवतापाच्या अॅनोफेलिस डासांचं आहे. तिथे पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या लाखो जीव वाचवतात आणि डास त्या औषधाला प्रतिकार करू लागले आहेत. २०२० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या डासांवर झालेल्या अभ्यासात एसएपी-२ नावाचं सीएसपी प्रतिकारक डासांच्या पायांत वाढलेलं आढळलं. डास जाळीवर टेकतो तो पायांनी. तिथेच हे प्रथिन औषधाला बांधून ठेवतं. ते जनुक दाबलं तेव्हा डास पुन्हा औषधाने मरू लागले. कीटकनाशकांना प्रतिकार म्हटलं की आपण विष तोडणाऱ्या विकरांचा किंवा मज्जातंतूतल्या बदलांचा विचार करतो. आता या लहानशा वाहक प्रथिनाचाही करावा लागेल.

डासाला मी अंधारात कसा सापडतो?

डेंगू पसरवणाऱ्या एडिस डासाला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाजवळच्या उपांगांतल्या चवग्राहींमुळे कळतो. घामातलं लॅक्टिक आम्ल आयआर-८ए या ग्राहीशिवाय ओळखता येत नाही, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. केनियाच्या किनाऱ्यावर एडिसचे दोन प्रकार शेजारी राहतात. एक जंगलात इतर प्राण्यांना चावतो, दुसरा घरात माणसांना. घरातल्या प्रकारात ओआर-४ हा ग्राही माणसाच्या अंगावरच्या सल्कॅटोन या संयुगाला जास्त संवेदनशील असल्याचं २०१४ मध्ये आढळलं.

२०१३ मध्ये ऑर्को नसलेले डास तयार केले गेले. त्यांना माणूस आणि इतर प्राणी यांतला फरक नीट कळेना, पण कार्बन डायऑक्साइड असेल तर ते माणसाकडे येतच राहिले. एक मार्ग बंद केला की दुसरा चालू राहतो. त्यामुळे एकाच ग्राहीवर मारा करणारं जादूचं औषध लवकर मिळेल असं मला वाटत नाही.

डीट लावल्यावर डास का टाळतो?

डीट हे डास दूर ठेवणाऱ्या क्रीममधलं रसायन. ते दोन वाटांनी काम करतं. ऑर्को नसलेल्या डासांना डीटच्या वासाची पर्वा नव्हती, ते त्वचेपर्यंत आले. पण डीट लावलेल्या त्वचेवर टेकताच ते दूर झाले. पायाला लागलेलं डीट त्यांना स्पर्शातून कळलं. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की क्रीम उघड्या त्वचेवर सगळीकडे लावावं. मनगटावर ठिपका लावून घोटा वाचत नाही.

कीटकांना पायाने चव कळते हे खरं आहे?

हो. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर फुलपाखराची मादी पानावर पुढचे पाय झटपट आपटते ते पाहा. ती पान चाखत असते. लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालणाऱ्या एका आशियाई फुलपाखरात पानातलं सिनेफ्रिन ओळखणारा चवग्राही २०११ मध्ये सापडला. तो दाबला की मादीची अंडी घालण्याची प्रवृत्ती कमी होते.

कीटक कामगंधाला सरावून प्रतिकार करू शकतात का?

करू शकतात, आणि तसं घडलं आहे. जपानच्या शिझुओका भागातल्या चहाच्या मळ्यांत पानं गुंडाळणाऱ्या पतंगाविरुद्ध १९८३ पासून कामगंधाचा एकच घटक हवेत पसरवला जात होता. १९९० च्या दशकात त्याचा परिणाम घसरला. पुढे जास्त घटकांचं, मूळ गंधाच्या जवळ जाणारं मिश्रण वापरलं तेव्हा परिणाम परतला. आपल्याकडे वर्षानुवर्षं एकाच उपायावर विसंबण्याची सवय आहे, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवावं.

ग्राहीचं जनुकच बंद केलं तर कीड संपेल का?

प्रयोगशाळेत परिणाम मोठे दिसतात. २०१७ मध्ये दोन प्रकारच्या मुंग्यांत ऑर्को बंद केलं गेलं. त्या मुंग्या इतरांच्या वाटेने चालेनात, वारुळापासून भरकटू लागल्या आणि त्यांच्या मेंदूतला वासाचा भागही नीट घडला नाही. पण असा बदल शेतातल्या कोट्यवधी पतंगांत पसरवणं ही वेगळीच गोष्ट आहे. शिवाय ऑर्को मधमाशीतही जवळजवळ तसाच असतो. तो लक्ष्य केला तर परागीभवन करणाऱ्यांना धोका होईल. नवं औषध शोधायचंच तर एका जातीपुरत्या ग्राहीवर शोधावं.

मोहोळाजवळ केळी खाऊ नयेत असं म्हणतात, ते खरं का?

यात तथ्य आहे. मधमाशीच्या धोक्याच्या गंधातला मुख्य घटक आयसोपेंटाइल अॅसिटेट, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. डंखाबरोबर तो सुटतो आणि इतर माश्या तिथे धावतात. म्हणून एक डंख बसला की आधी तिथून दूर जावं.

ल्यूर हाताळताना काय काळजी घ्यावी?

हातमोजे घालावेत आणि दोन वेगळ्या किडींची ल्यूर एकाच हातमोज्याने हाताळू नयेत. ग्राही इतके संवेदनशील असतात की हाताला लागलेला दुसऱ्या जातीच्या गंधाचा अंशही नराला परतवू शकतो. न वापरलेली ल्यूर बंद पाकिटात, फ्रीजमध्ये ठेवावीत. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीनंतर ल्यूर बदलावं, कारण वास तुम्हाला येतो की नाही याला काहीच अर्थ नाही. जुनं ल्यूर बांधावर फेकू नये, कारण तेही काही दिवस नरांना ओढत राहतं आणि मोजणी चुकते. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा उंच टांगावा, पीक वाढेल तसा वर घ्यावा आणि आलेले पतंग ठरलेल्या दिवशी मोजून वहीत लिहावेत.